‘हाउसिंग सपोर्ट’ म्हणजे गृहनिर्माण सहाय्य?

प्रश्न : इंग्लंडमधल्या एका नगरपरिषदेच्या माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करते आहे. ‘हाउसिंग सपोर्ट’ला ‘गृहनिर्माण सहाय्य’ आणि या सेवांच्या ‘कमिशनिंग’ला ‘कार्यान्वयन’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. ‘निर्माण’ आडवं येतं. हाउसिंग म्हटलं की आपला हात आपोआप ‘गृहनिर्माण’ लिहितो. म्हाडाच्या मराठी नावात ते आहे, आणि चाळीस वर्षांपूर्वी बांधून झालेली सोसायटीही कागदोपत्री ‘सहकारी गृहनिर्माण संस्था’च असते. तिथे ते खपून जातं. तुमच्या पत्रकातल्या सेवेत मात्र एक वीटसुद्धा रचली जात नाही.

ब्रिटनमध्ये एप्रिल २००३ मध्ये अशाच ‘हाउसिंग सपोर्ट’ सेवांसाठी ‘सपोर्टिंग पीपल’ हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. एकट्या इंग्लंडसाठी पहिल्या वर्षी सुमारे १८० कोटी पौंड होते. हा पैसा घरं बांधण्यासाठी नव्हता, भाड्यासाठीही नव्हता. मिळालेलं घर हातचं जाऊ नये, यासाठी लागणाऱ्या मदतीचा होता. तुरुंगातून सुटलेला माणूस, मारहाण सोसून बाहेर पडलेली बाई, मानसिक आजारातून सावरणारा तरुण, यांच्याकडे कार्यकर्ती ठरलेल्या दिवशी येते. थकलेल्या भाड्याचं पत्र सोबत बसून वाचते, अर्ज भरायला मदत करते, डॉक्टरांची वेळ घेऊन देते.

म्हणून मी ‘निवास-आधार’ सुचवेन. ‘गृह’ म्हणजे वास्तू. ‘निवास’ आला ‘वस्’ या धातूवरून, म्हणजे राहणं. ही सेवा ते राहणं टिकवते. ‘आधार’मध्ये ‘धृ’ आहे, धरून ठेवणं. हल्ली आधार म्हटलं की आधी कार्ड डोळ्यांपुढे येतं, हे खरं. तरी ‘म्हातारपणाचा आधार’ आपण अजून म्हणतोच, तेव्हा शब्द सोडू नका. ‘निवारा’ मात्र इथे नको. ऊन-पाऊस निवारतो तो निवारा. शहरातल्या बेघरांच्या निवाऱ्यांना तो नेमका बसतो, पण ज्याच्या हातात घराची किल्ली आहे त्याला नाही.

‘फ्लोटिंग सपोर्ट’ हा शब्दही पुढे भेटेल. त्याचं ‘तरंगता आधार’ करू नका. मदत इमारतीला बांधलेली नसते, माणूस जिथे राहतो तिथे जाते, एवढाच अर्थ. ‘घरी येऊन दिलेला आधार’ लिहा.

‘कमिशनिंग’ जास्त अवघड. कार्यान्वयन वीजप्रकल्पाचं होतं, आणि ‘कमिशन’ तसंच ठेवलं तर वाचणाऱ्याला दलाली वाटेल. ‘निविदा’ हा फक्त मधला टप्पा. कुणाला कसली गरज आहे ते पाहणं, सेवा किती हव्यात ते ठरवणं, संस्था निवडून करार करणं, मग काम नीट चाललंय का यावर लक्ष ठेवणं, हे सगळं त्यात येतं. एका शब्दात ते मावत नाही. शीर्षकात ‘सेवांचं नियोजन आणि नेमणूक’ लिहा, आणि पहिल्याच परिच्छेदात ते उलगडून सांगा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ‘व्हल्नरेबल’साठी ‘दुर्बल घटक’ टाळा. त्यात दुबळेपणा माणसालाच चिकटतो. ‘आधाराची गरज असलेल्या व्यक्ती’ लांबलचक आहे, तरी तेच लिहा. पत्रक हातात घेणारी बाई त्यांतलीच एक असू शकते.