सोसायटीचे हिशेब बायोडेटात सगळ्यात वर लिहा

प्रश्न : मी बी.कॉम. आहे. २०१४ पर्यंत सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात सहा वर्षं होते. टॅली, व्हॅटची रिटर्न्स, सगळं करायचे. मुलगी झाली, मग सासूबाईंचं आजारपण निघालं आणि नोकरी सुटली ती सुटलीच. आता मुलगी सहावीत आहे. क्लासवाले ४५ हजारांचा कोर्स करा म्हणतात. इतक्या वर्षांत घर सांभाळलं आणि चार वर्षं सोसायटीचे हिशेब पाहिले, एवढंच. मला आता कोण घेणार?

उत्तर : ताई, ते ४५ हजार आधी बँकेतच राहू द्या.

मला तुमचं ‘एवढंच’ खटकलं. मेंटेनन्सच्या पावत्या, थकबाकी, बँकेचं रिकन्सिलिएशन, वर्षअखेरचा ताळेबंद, ऑडिटरांच्या शंकांना उत्तरं... अकाउंटंट दुसरं काय करतो? पगार नव्हता, इतकाच फरक.

जमा-नावे २०१४ मध्ये होतं तसंच आहे. टॅलीप्राइममध्ये आजही एफ-५ ला पेमेंट आणि एफ-८ ला सेल्सच उघडतं. बोटांना आपोआप आठवेल. बदलला तो कर. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंवरचे १२ आणि २८ टक्क्यांचे दरही गेले, तेव्हा कुणाच्या जुन्या नोट्स मागून आणू नका. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील, ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, २० पर्यंत जातं. खरा घाम निघतो तो खरेदीची बिलं २बीशी, म्हणजे पुरवठादारांनी पोर्टलवर चढवलेल्या बिलांच्या यादीशी, जुळवताना. पुरवठादारानं बिल चढवलं नसेल तर क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, अडकतं, मग त्याला फोन करकरून पिच्छा पुरवायचा. ही चिकाटी कुठल्या क्लासात शिकवतात?

टॅलीप्राइमचा शैक्षणिक मोड फुकट आहे. मोजक्याच तारखांच्या नोंदी घेतो, पण सरावाला पुरतो. सोबत एक्सेलचं व्हीलुकअप आणि पिव्होट हाताखालून घाला. रोज दीड तास बसलात तर दोन महिन्यांत हात बसेल.

मुलाखतीत गॅपबद्दल विचारतीलच. ‘घरी आजारपण होतं, आता मोकळी आहे’, एका वाक्यात सांगा आणि २बीवर या. माफीचा सूर नको. सुरुवातीला पगार मनासारखा मिळणार नाही, अर्धा दिवसच मिळाला तरी घ्या. मात्र ‘आधी महिनाभर फुकट करून दाखवा’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. असे लोक भेटतात, आणि पुन्हा नोकरीला निघालेल्या बायकाच त्यांना बरोबर सापडतात.

जाहिराती नंतर पाहू. तुमच्या सोसायटीचे ऑडिटर दरवर्षी तुमच्याच वह्या तपासतात. तुमचं काम पाहिलेला त्यांच्याइतका जवळचा माणूस दुसरा नाही. त्यांच्याकडे किंवा त्यांच्या ओळखीत जागा आहे का, हे सरळ विचारा. फोन मात्र २० तारखेनंतर करा. त्याआधी त्यांना डोकं वर काढायलाही फुरसत नसते.