पीएचडी आधी की मूल?

संशोधनाकडे वळलेल्या मुली दादरला माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा कधी ना कधी हे वाक्य येतंच: "मॅडम, हे सगळं होईपर्यंत मूल होण्याचं वय निघून जाईल."

अनघा (नाव बदललं आहे) तर तक्ताच घेऊन आली होती. वय 26, सासर डोंबिवलीला, फिजिक्समध्ये एम.एस्सी. पुण्याच्या एनसीआरएत, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्याच (टीआयएफआर) रेडिओ खगोलशास्त्र केंद्रात, पीएचडीला निवड झालेली. होकार कळवायला महिना उरलेला. तक्ता असा: 32 ला पीएचडी, मग परदेशात दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनपदं), 37 ला इथे नोकरी. 'मूल' हे खोडून खोडून चार ठिकाणी लिहिलेलं. सासूबाईंना तिशीच्या आत नातवंड हवं होतं. नवरा म्हणायचा, "तू ठरव."

"तो असं म्हणतो तेव्हा काय वाटतं?"

"माझ्यावर ढकलून मोकळा झाला."

"हे त्याला बोललीस?"

नाही. आईने मंगला नारळीकरांचं उदाहरण दिलं होतं: लग्न 1966 चं, गणितातली पीएचडी 1981 ची, मधे संसार आणि मुली. अनघाला त्याने धीर येण्याऐवजी दडपणच आलं. थोरांचे दाखले जपून द्यावेत, ते असे.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "दीर्घिकेचं अंतर मोजलंस तर नुसता आकडा लिहितेस?"

"छे, एरर बार हवाच, आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते. नाहीतर गाइड कागद परत करतील."

"मग या तक्त्यात अधिक-उणे कुठंय?"

ती हसली, मग डोळे भरून आले. बराच वेळ मीही काही बोलले नाही. नंतर तिनेच पेन्सिल घेऊन 37 पुढे 'अधिक-उणे पाच' लिहिलं. होकाराच्या तारखेपुढे काहीच लिहिलं नाही. नक्की असं तेवढंच होतं! हा प्रश्न नेमका त्या क्षणी सुचला, याचं मला आजही समाधान आहे.

मी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या पठडीतली. भविष्याची खात्री हवीशी वाटण्यात काही वावगं नाही; ती मिळाल्याशिवाय पाऊल टाकणार नाही, या हट्टाने माणूस अडकतो. अनघा सहा वर्षांनंतरच्या पोस्टडॉकची काळजी आजच्या होकारावर लादत होती.

बाकीचं व्यवहाराचं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2022 च्या नियमांत स्त्री संशोधकांना पीएचडीच्या काळात एकदा 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे, शिवाय मुदतीत दोन वर्षांची सवलत. रजेत फेलोशिप चालू राहते का, हे संस्थेला आधीच लेखी विचारावं. एनसीआरएची रेडिओ दुर्बीण नारायणगावजवळ खोडदला असली तरी बरंचसं काम संगणकावर डेटा तपासण्याचं असतं. पण घरून किती चालेल ते गाइडच सांगू शकतील. आणि वयाचा प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता वेगाने घटते, तिथे माझ्या धीराचा उपयोग नाही.

चौथ्या भेटीला नवराही आला. "तू ठरव" म्हणजे पाठिंबा, असं तो समजत होता. होकाराचा मेल त्याच रात्री गेला. मूल कधी, हे अनघाचं कोर्सवर्क संपल्यावर, डॉक्टरांना भेटून ठरवणार आहेत. सासूबाईंशी बोलायचं काम नवऱ्याने अंगावर घेतलंय. अजून बोललेला नाही.