पेंटियम थ्रीवर डीएसएल : चालेल, पण नेटबँकिंग नको

माळ्यावर सापडलेल्या पेंटियम थ्री लॅपटॉपवर, 256 एमबी रॅम, डॅम स्मॉल लिनक्स म्हणजे आपलं डीएसएल, ती छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम, इन्स्टॉल न करता सीडीवरूनच चालेल का आणि त्यावर नेटबँकिंग होईल का, असं विचारलंयत ना. चालेल, पळेल अगदी. नेटबँकिंग मात्र विसरा.

जुन्या लाइनीतली शेवटची पक्की (स्टेबल) आवृत्ती 4.4.10, तीही 2008 ची, कर्नल (सिस्टिमचा गाभा) 2.4 चा, आणि त्यातला फायरफॉक्स एवढा म्हातारा की आजच्या बऱ्याचशा साइट उघडतच नाहीत, थेट एरर. सिक्युरिटी अपडेट तर इतक्या वर्षांत एकही नाही.

पण काय चीज होती राव! व्हिजिटिंग कार्डाएवढ्या सीडीत मावावं म्हणून 50 एमबीची मर्यादा घालून घेतलेली, त्यात डेस्कटॉप, ब्राउझर, गाणी लावायला एक्सएमएमएस, सगळं. मूळ नॉपिक्सचं, म्हणजे सीडीवरून चालणाऱ्या दुसऱ्या एका लिनक्सचं. सीडी सुरू होताना जी बूट प्रॉम्प्टची ओळ येते तिथे dsl लिहून पुढे toram टाइप करायचं (128 एमबी रॅम पुरते), मग सगळी सिस्टिम रॅममध्ये जाते आणि सीडी बाहेर काढली तरी बिनधास्त चालते. फक्त एक लक्षात ठेवा, बंद केलं की केलेलं सगळं गेलं. मी एकदा रात्री दोनपर्यंत बसून रिपोर्ट टाइप केला, शटडाऊन केलं, सकाळी बघतो तर कोरी पाटी! बॅकअप कुठे घ्यायचा ते त्याला सांगितलंच नव्हतं, तेव्हापासून बसलो की आधी पेनड्राइव्ह लावतो.

बंद का पडलं? जॉन अँड्र्यूज आणि रॉबर्ट शिंगलडेकर ही मुख्य जोडी, त्यातले रॉबर्ट बाहेर पडले आणि त्यांनी टायनी कोर हे आणखी एक छोटं लिनक्स काढलं, इकडे डीएसएल थंडावलं. 2024 मध्ये जॉननी त्याच नावाने नवीन आणलंय, पण ते अँटीएक्स या दुसऱ्याच लिनक्सवर बेतलेलं आणि 700 एमबीच्या सीडीत बसणारं, म्हणजे नाव तेच, जीव वेगळा.

तुमच्या मशीनवर मी आधी टायनी कोर लावून बघेन, ते अजून चालू आहे आणि ग्राफिकल डेस्कटॉपला 128 एमबी रॅम पुरते. जुन्या हार्डडिस्कवरचे फोटो फक्त काढून घ्यायचे असतील तर जुनं डीएसएल लावा, हरकत नाही, पण नेटची वायर काढून. आणि विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर त्यातून काही लिहायला जाऊ नका, वाचायचं, कॉपी करायचं आणि बंद. त्या काळचे बरेच लॅपटॉप पेनड्राइव्हवरून बूट होत नाहीत, सीडीच लागेल, आणि ती बर्न करताना स्पीड कमी ठेवा, जुने ड्राइव्ह फार नखरे करतात.