"मी समर्थ आहे" म्हणून आणखी खचायला होतं, त्याबद्दल

तुम्ही लिहिलंय की "मला एकही काम धड जमत नाही" हे डोक्यातून जावं म्हणून रोज सकाळी "मी समर्थ आहे, मी यशस्वी आहे" असं घोकता, आणि दिवसभर उलट जास्तच नालायक वाटतं. वाचून चर्र झालं, कारण मी यातून गेलोय. विचार लिहून काढणं वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, ते सोडतो.

माझ्या जुन्या नोकरीत समुपदेशन कक्ष होता. नाव घेत नाही. तिथल्या बाईंनी माझं बोलणं पुरतं व्हायच्या आत छापील कागद पुढे सरकवला. 'मी स्वतःवर भरभरून प्रेम करतो', 'मला अशक्य काहीच नाही', अशी वाक्यं. मोठ्याने वाचायची. आवाज बसला की "मनापासून म्हणा!" फरक पडत नाही म्हटल्यावर उत्तर मिळालं, "तुमचाच विश्वास कमी पडतोय." म्हणजे कामात नालायक होतोच, आता बरं होण्यातही नालायक! त्यांनी 'सत्रे पूर्ण' असा शेरा मारला आणि विषय मिटला. त्यानंतर कितीतरी काळ मी कुणाकडे मदतच मागितली नाही. खरं नुकसान ते झालं.

२००९ मध्ये मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मुळात स्वतःबद्दल वाईट मत असलेल्यांना 'मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे' असं मनात म्हणायला लावलं, तर न म्हणणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त वाईट वाटलं. मोठं वाक्य ऐकलं की मन लगेच उलटतपासणी सुरू करतं, हा माझा अनुभव.

क्रिस्टीन पॅडेस्की या मानसशास्त्रज्ञ "मला काहीच जमत नाही" अशा समजुतीला स्वतःविषयीचा पूर्वग्रह म्हणतात. मला ते तंतोतंत पटलं. अहवाल वेळेत दिला? "सोपाच होता." साहेबांनी शाबासकी दिली? "ते सगळ्यांनाच देतात." एक आकडा चुकला? "बघ, म्हटलं होतं ना!" विरोधातला पुरावा दारातूनच परत जातो.

म्हणून नवं वाक्य गळी उतरेल इतपतच ठेवा. उदाहरणार्थ, "काही कामं मला जमतात, काही शिकावी लागतात." किती पटतं याला शंभरपैकी आकडा द्या. तीस-चाळीस आला तरी पुष्कळ. पाचच आला तर वाक्य आणखी साधं करा. मग रोज एक पुरावा टिपायचा. "दिवस चांगला गेला" चालणार नाही, "चिडलेल्या ग्राहकाचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं" चालेल. पुढे "पण" लिहायचा नाही. ही अट वाटते त्यापेक्षा फार जड आहे. वही कागदाचीच घ्या. फोनवर टिपायला गेलं की दुसऱ्यांची यशं बघत बसतो आपण. आणि मध्यरात्री तर लिहूच नका, त्या वेळी सगळंच काळं दिसतं.

मी डॉक्टर नाही, हे माझ्यापुरतं आहे. झोप-भूक उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर वहीच्या भरवशावर राहू नका, ताबडतोब तज्ज्ञाकडे जा. पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचारा: तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता, आणि मला फरक पडला नाही तर पुढे काय करता? दुसऱ्या प्रश्नावर जो चिडेल, त्याच्याकडची पुढची वेळ घेऊ नका.