डूला आली तर मी बाहेरच्या बाकावर?

प्रश्न : बायकोला सातवा महिना लागलाय, पहिलंच बाळंतपण. माहेर सोलापूरचं, पण डॉक्टर इथल्या असल्यामुळे ती खारघरलाच थांबणार आहे. सासूबाई पुढच्या महिन्यात येतील. आता बायको म्हणते, डूला हवी, म्हणजे बाळंतपणात सतत सोबत करणारी प्रशिक्षित बाई. मी आहे, तिची आई आहे, हॉस्पिटलचा स्टाफ आहे, मग परकी बाई कशाला? खरं सांगायचं तर भीती वाटते, की ती आली म्हणजे मी बाहेरच्या बाकावर.
– एक वाचक, खारघर

उत्तर : मी ठाण्यात डूला म्हणून काम करते. तुमचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. नवऱ्याला बाकावर बसवणारी डूला तिचं काम नीट करत नाही, असं मी स्पष्ट म्हणेन.

पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत अख्खा दिवस जाऊ शकतो. तेवढ्यात सिस्टरची ड्युटी बदलते, डॉक्टर तपासून ओपीडीला जातात. एकाच माणसाने सतत जवळ राहायचं, हे माझं मुख्य काम. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये २६ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात पंधरा हजारांहून जास्त बायका होत्या. अशी सतत सोबत मिळालेल्यांमध्ये नॉर्मल बाळंतपणं जास्त, सिझर कमी आणि बाळंतपणाची कडू आठवणही कमी, असं दिसलं.

घोडबंदर रोडवरच्या एका जोडप्याचं सांगते. तिच्या सगळ्या कळा कमरेत होत्या. नवरा बिचारा डोक्यावरून हात फिरवत होता आणि ती तो हात झटकत होती. मी त्याचा तळहात तिच्या माकडहाडाच्या जरा वर ठेवला. कळ चढायला लागली की दाबायचं, पूर्ण ओसरेपर्यंत सोडायचं नाही. दोन कळांतच ती म्हणाली, "हां, तिथेच, अजून जोरात." पुढे बराच वेळ तो दाबत राहिला. हात थरथरायला लागल्यावर मी ती जागा घेतली, त्याला चहा प्यायला पाठवलं. परत आला तो तिच्यासमोर उभा राहिला, ती त्याच्या गळ्यात हात टाकून डुलत राहिली. तो कानात काय बोलत होता, मला ऐकू आलं नाही. ते तोच बोलू शकत होता.

मी काय करत नाही, तेही सांगते. पिशवीचं तोंड किती उघडलंय हे तपासणं, बाळाचे ठोके बघणं, औषध देणं हे माझं काम नाही. डॉक्टरांशी वाद घालत नाही. घाई नसेल तेव्हा तुम्हाला आठवण करून देते : विचारा, याची गरज काय, थोडं थांबता येईल का, थांबलो तर काय होईल. निर्णय तुमचा दोघांचा. सिझर करायचं ठरलं तर बहुतेक ठिकाणी मला थिएटरमध्ये घेत नाहीत. पण नंतर टाके दुखत असताना बाळाला अंगावर कसं घ्यायचं, तिथे माझी गरज लागतेच.

सासूबाईंचं म्हणाल, तर लेकीच्या कळा आईला बघवत नाहीत. "करून टाका सिझर" हे वाक्य बरेचदा तिच्याच तोंडून निघतं आणि त्यामागे माया असते. सासूबाईंशी आधीच बोलून घ्या. सुरुवातीच्या कळांत घरी लेकीला दोन घास भरवणं, पाय चोळणं त्यांच्याकडे द्या. या कामात आईच्या हाताची सर कुणाला येणार नाही.

आता लगेच करायचं एक काम. लेबर रूममध्ये किती जणांना सोडतात, हे डॉक्टरांना याच भेटीत विचारा. एकालाच सोडत असतील तर आत तुम्हीच जा. मग डूला घरातल्या कळांपुरती घ्या, आणि कमरेवर दाब कसा द्यायचा, कुशीवर कसं झोपवायचं, हे तिच्याकडून आधी हाताने शिकून घ्या. तिने प्रशिक्षण कुठे घेतलंय आणि त्याच वेळी ती दुसऱ्या बाळंतपणात अडकली तर कोण येईल, हे विचारायला संकोचू नका. आणि खारघर-नेरुळकडचीच बघा. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये ठाणे-बेलापूर रस्त्याने माझ्यासारखीला तुमच्यापर्यंत वेळेत पोचता येईल, याची खात्री मी देणार नाही.