घरचे ‘हो’ म्हणेपर्यंत थांबू का?

प्रश्न : मॅडम, मी उदगीरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मला सीए व्हायचंय. बाबांचं किराणा दुकान आहे. ते म्हणतात, ‘सात-आठ वर्षं घालवायला आपण काय सावकार आहोत का?’ आत्याने स्थळं आणायला सुरुवात केलीय. मैत्रिणींनी बँकेच्या परीक्षांचा क्लास लावला, त्या मला ‘सीएबाई’ म्हणून चिडवतात. रात्री दहानंतर घरात दिवा लावू देत नाहीत, म्हणून दुकानामागच्या खोलीत साखरेच्या पोत्यांवर बसून वाचते. कुणाचाच पाठिंबा नसताना सुरुवात करावी का?

उत्तर : साखरेच्या पोत्यांवर बसून वाचतेस, म्हणजे सुरुवात तू केलेलीच आहेस गं. घरच्यांच्या होकारासाठी ती थांबवू नकोस.

पण ‘कुणाचाच पाठिंबा नाही’ असं एकच गाठोडं बांधून ठेवलंयस, ते आधी सोड. बाबांची हरकत पैशाची आणि वर्षांची आहे. आत्याची लग्नाची. मैत्रिणींचं म्हणशील तर रोजची सोबत तुटली याचं त्यांना वाईट वाटत असणार, त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस.

खरा विचार करायचा तो बाबांच्या म्हणण्याचा. ते चुकीचं बोलत नाहीत. या परीक्षेत वर्षानुवर्षं अडकलेली मुलं त्यांनी पाहिली असतील, मीही पाहिली आहेत. म्हणून त्यांच्यापुढे हिशेब मांड, तोही कागदावर. पदवीला 55 टक्के असतील तर कॉमर्सवाल्यांना फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, द्यावी लागत नाही, थेट इंटरला, म्हणजे मधल्या परीक्षेला, प्रवेश मिळतो. शेवटच्या वर्षात असतानाच तात्पुरती नोंदणी करता येते. नोंदणीपासून 8 महिन्यांचा अभ्यासकाळ, मग इंटरचे दोन ग्रुप, एकूण 6 पेपर. पास व्हायला प्रत्येक पेपरात 40 आणि ग्रुपची सरासरी 50 टक्के लागते. दोन्ही ग्रुप निघाले की 2 वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी, ती संपल्यावर 6 महिन्यांनी फायनल. सगळं पहिल्या झटक्यात निघालं तर जेमतेम 4 वर्षं. एखाद-दुसरा अटेम्प्ट गेला तर 5. बाबांना 5 च सांग. कमी सांगून नंतर वाढवलंस तर तुझ्या पुढच्या कुठल्याच आकड्यावर ते विश्वास ठेवणार नाहीत.

खर्चाचंही तसंच. इंटरच्या दोन्ही ग्रुपची नोंदणी साधारण 18 हजारांची आहे. परीक्षा फी वेगळी, आर्टिकलशिपआधीच्या प्रशिक्षणाची फी वेगळी. क्लासचा मोठा खर्च मात्र टाळता येतो, कारण परीक्षा घेणाऱ्या सीए इन्स्टिट्यूटचं अभ्याससाहित्य आणि लाइव्ह वर्ग ऑनलाइन फुकट मिळतात. एखादा विषय अडला तर तेवढ्याचाच क्लास लाव.

आता मागायचं काय? ‘मला पाठिंबा द्या’ असं म्हणू नकोस. त्यावर नुसती भांडणं होतात. मोजून मागता येईल असं माग : रात्री दहा ते बारा मागच्या खोलीतला दिवा, बसायला एक टेबल आणि 18 महिने स्थळांचा विषय बंद. तेवढ्या काळात तुला इंटरचे दोन अटेम्प्ट मिळतील, कारण ही परीक्षा आता वर्षातून तीनदा होते. एखादा ग्रुप राहिला, पण त्यातल्या एखाद्या पेपरात 60 मिळाले, तर त्या पेपराला पुढच्या तीन अटेम्प्टसाठी सूट लागते. 18 महिन्यांत एकही ग्रुप निघाला नाही, तर आपण पुन्हा बसून विचार करू, हे तू स्वतःहून बाबांना सांग. आत्याशी तू बोलू नकोस. बाबा तयार झाले की त्यांनाच बोलू दे.

एक गोष्ट मात्र करू नकोस. माझ्याकडे एक मुलगा यायचा, त्याने घरी न सांगता नोंदणी केली होती. पहिल्या निकालात नापास झाला तेव्हा रडायलाही त्याला जागा नव्हती, कारण घरी कुणाला काही माहीतच नव्हतं. त्याला नापास होण्यापेक्षा त्या लपवाछपवीनेच जास्त खचवलं. मला तो अजून आठवतो. घरचे नाही म्हणाले तरी चालेल, पण तू काय करतेयस हे त्यांना माहीत असू दे.

फीचे पैसे स्वतः उभे करता आले तर बोलणं सोपं जातं. उदगीरमध्ये कर सल्लागारांची कार्यालयं आहेत. तिथे अर्ध्या दिवसाचं काम विचार. महिन्याच्या 11 आणि 20 तारखेला जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात, त्याआधी आठवडाभर त्यांना माणसं कमी पडतात. पगार थोडा असेल, पण पुस्तकातला जीएसटी हाताखालून जाईल. लातूरला इन्स्टिट्यूटची शाखा आहे. एकदा एसटीने जाऊन ये, इंटर करणाऱ्या दोघी-तिघींशी ओळख करून घे. चिडवणाऱ्या मैत्रिणींऐवजी निदान एक तरी अशी हवी, जिला रात्री अकरा वाजता अकाउंटिंग स्टँडर्ड विचारता येईल.

आणि बाबांचं दुकान. तुझ्या पत्रावरून वाटतं, सीए नेमकं काय करतो हे त्यांना कुणी दाखवलेलंच नाही. दुकान कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत असेल, तर दर तिमाहीनंतरच्या महिन्यात 18 तारखेपर्यंत सीएमपी-08 हा कराचा तिमाही फॉर्म भरावा लागतो. सध्या तो दुसरं कुणीतरी भरत असणार. या खेपेला बिलांची फाईल बाबांकडून मागून घे, गल्ल्याशेजारी त्यांच्यासमोर बसूनच आकडे काढ आणि भरण्याआधी त्यांच्या कर सल्लागाराकडून तपासून घे. कुठे अडलीस तर मला लिही.