नोटीस ग्रुपवर टाकली, हरकत कुणी नोंदवली?

नदीकाठच्या एका सोसायटीतून पत्र आलं आहे. शेजारच्या भूखंडावर रहिवाशांसाठी क्लब हाऊस, पायवाट आणि काठाला दगडी भिंत होणार आहे, त्यासाठी उंबर, करंज, वाळुंज अशी बावीस झाडं जाणार. महिन्यापूर्वी झाडांवर नोटिसा लागल्या, सेक्रेटरींनी फोटो काढून ग्रुपवर टाकले. हरकत कुणीच दिली नाही, कारण सर्वसाधारण सभा व्हायची होती. आता परवानगी निघाल्याचं कानावर आलंय आणि माहिती अधिकारात अर्ज केलाय. पुढे काय, असं विचारलंय.

नदी वाचायला हवी, जुनी झाडं वाचायला हवीत, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण झाडावर ठोकलेला तो कागद तुमच्यासाठीच होता. हरकतीची मुदत नोटिशीतच छापलेली असते, बहुधा सात दिवसांची. हरकत द्यायला सोसायटीचा ठराव लागत नाही. एका रहिवाशाचा सहीचा अर्ज आणि पोच, एवढं पुरलं असतं. महिन्याला अशी चार-पाच पत्रं येतात आणि प्रत्येकात सभेची वाट पाहिलेली असते.

आता सगळं एका तारखेवर आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ च्या कलम ८ नुसार परवानगी दिल्यानंतर पंधरा दिवस झाड तोडता येत नाही. हे पंधरा दिवस न्यायालयात जाण्यासाठी आहेत. ते परवानगीच्या तारखेपासून धरा, तुम्हाला कळलं त्या दिवसापासून नव्हे. माहिती अधिकाराच्या उत्तराला तीस दिवस मिळतात, म्हणजे उत्तर येईल तेव्हा बुंधे उरलेले असतील. उद्या सकाळी पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा, परवानगीची प्रत लेखी मागा, पोच घ्या.

आरे आठवा, मुंबईत मेट्रोच्या कारशेडसाठी झालेली वृक्षतोड. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. पंधरा दिवस कुठून मोजायचे, यावर तेव्हाही वाद झाला. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. एका शनिवार-रविवारात. न्यायालयाच्या तारखा आणि करवतीचा वेग यांचा मेळ बसत नाही, याचा मला इतक्या वर्षांनंतरही संताप येतो.

म्हणून उच्च न्यायालयात रिट याचिका, तातडीच्या सुनावणीची विनंती आणि अंतरिम स्थगिती, म्हणजे निकाल लागेपर्यंत तोड थांबवण्याचा आदेश. दोन रहिवाशांच्या नावाने चालेल. हरकत दिली नव्हती, हे समोरचा वकील पहिल्याच मिनिटाला सांगेल. त्याला उत्तर एकच: नोटीस प्रत्येक झाडावर होती का, वर्तमानपत्रात जाहिरात आली होती का, वृक्ष अधिकाऱ्याने स्वतः पाहणी केली का. ग्रुपवरचे ते फोटो तारखेसह जपा. बावीसपैकी चौदाच झाडांवर कागद दिसत असेल, तर तोच तुमचा सगळ्यात बळकट मुद्दा.

दुसरा मुद्दा वयाचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं वा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलंच तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. परवानगीत उंबराचं वय काय लिहिलंय ते पाहा. घेर मोजा, जुने फोटो काढा, वृक्षगणनेतली नोंद मागा.

बाकीच्या मुद्द्यांबद्दल मी जपून बोलेन. भिंत निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पात्रात पडत असेल, तर मुद्दा गंभीर आहे. पण जलसंपदा विभागाच्या नकाशाशिवाय तो मांडू नका. वाळुंजावर बगळ्यांची घरटी असतील तर वन्यजीव कायद्यात घरटं मोडणं ही शिकारच, मात्र तेवढ्यावर स्थगिती मिळेल असं मी म्हणणार नाही. हरित न्यायाधिकरणाचा, म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीच्या विशेष न्यायाधिकरणाचा मार्ग प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचं असेल तर आहे. तिथे अपिलाला तीस दिवस, फार तर आणखी साठ, त्यापुढे एकही नाही. नुसत्या वृक्षतोडीच्या परवानगीसाठी तिकडे जाऊन दिवस घालवू नका, ज्या कायद्यांचे वाद ते ऐकू शकतात त्यांच्या यादीत १९७५ चा कायदा नाही.

परवानगीची प्रत उद्या मिळाली नाही, तरी थांबू नका. मागणीच्या अर्जाची पोच याचिकेला जोडा, प्रत न्यायालय मागवू शकतं. आणि सभा त्यानंतर घ्या.